मूषकवर्गाचे अकस्मात् निधन

नाही, नाही, पाटी आधी खाली ठेव, गुणवंते, मासळीचं नंतर बघू. घेणार आहे — पापलेटं ताजी आहेत हे मला इथूनच दिसतंय, भुजण्याला दोन मोठी काढून ठेव — पण आज मासळीसाठी तुला हाक मारली नाही. आज मला तुझं डोकं हवंय. अगं, घाबरतेस काय अशी? डोकं म्हणजे डोक्याच्या आत जे असतं ते, आणि तेही अर्धीच घटका. एक कागद वाचतो, तू ऐकायचा, आणि ऐकून मला सांगायचं की त्यात काय करायला सांगितलंय. बस्स! ये, वर ये, ओट्यावर बस. — का? रोज तर मी ‘ये’ म्हणायच्या आत तिसऱ्या पायरीवर फतकल मारतेस, आमच्या घरातून तांब्याभर पाणी मागतेस, पान मागतेस, आणि आज अंगणाच्या मध्यावर उभी, कवायतीतल्या शिपायासारखी? बरं, उभी राहा. उभ्यानं ऐकलं तरी कानातच जाईल.

तुला वाटत असेल, हे कमलाकांतराव पगडी घालून कचेरीत जातात म्हणजे कारकून असतील. सगळ्या गिरगावाला तसंच वाटतं. कारकून नव्हे! भाषांतरकार. एकवीस वर्षं. साहेब इंग्रजीत लिहितो आणि मी त्याचं मराठी करतो. आणि गेल्या साली तो गाठीचा ताप आला ना — काखेत गाठ, अंगाची आग, आणि तिसऱ्या दिवशी माणूस आडवा — तेव्हापासून माझ्या बोरूला उसंत म्हणून नाही. इथून पार परळ-लालबागेपर्यंत भिंतीभिंतीवर आरोग्याचे म्हणून जेवढे कागद चिकटवलेले आहेत, तेवढे सगळे माझे. बघितलेस ना? वाचता येत नाही, ठाऊक आहे मला, पण बघितलेस ना? कसे भरगच्च दिसतात! एक ओळ रिकामी नाही.

आता हा नवा साहेब आलाय. तरणा आहे, मिशीसुद्धा धड आलेली नाही, आणि त्यानं हुकूम काढलाय — ऐक हां, एकवीस वर्षांत असला हुकूम मी ऐकला नाही — की यापुढं आरोग्याचा कुठलाही कागद छापायच्या आधी शाळेचं तोंड न बघितलेल्या माणसाला वाचून दाखवायचा. मग त्या माणसानं साहेबापुढं उभं राहून, आपल्या शब्दांत, त्यात काय करायला सांगितलंय ते सांगायचं. सांगता आलं, तर कागद छापखान्यात. नाही आलं, तर टोपलीत! आणि माझा कागद टोपलीत गेला की हे काम त्या जयवंताकडं जाणार. जयवंत म्हणजे कचेरीत काम शिकायला ठेवलेला आमचा उमेदवार, मिसरूड फुटल्याला दोन वर्षं झाली नाहीत त्याला. म्हणून उद्या अकरा वाजता साहेबापुढं तू उभी राहायचंस. — हो, तूच. पंधरा वर्षं या ओट्याचे मासे खाल्लेत आम्ही... म्हणजे तुझे मासे, या ओट्यावर. तेवढा हक्क आहे की नाही माझा?

असला हुकूम निघाला कशामुळं, ते विचार की. नको विचारूस, मीच सांगतो. तुझ्या माहेरच्यांमुळं! शिवडीकडचा तो कोळीवाडा तुझं माहेर ना? धोंडू पाटील तुझा कोण — मामा? मामाच. तर ऐक मामाचे पराक्रम. कार्तिकात मी माझा पहिला मोठा कागद तिथं धाडला. सोळा कलमं! म्हातारा मिशनच्या शाळेत दोन बुकं शिकलाय, त्याला अक्षरं लागतात. त्यानं तो कागद सगळ्यांना वाचून दाखवला. आणि सगळे म्हणाले, हे काही माणसाचं बोलणं नव्हे. म्हणजे देवाचं! पोथी आली! लावला की कागद देवळीत, हळद वाहिली, कुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. आणि मग रोज दिवेलागणीला सगळा वाडा हात जोडून उभा, आणि धोंडू पाटील आरतीच्या चालीवर माझी सोळा कलमं म्हणतोय!

हसतेस? हस, हस. तू नव्हतीस तिथं. मी होतो, आणि माझ्याशेजारी साहेब होता! पाहणीला म्हणून गेलेलो. साहेब बिचारा ते गाणं ऐकून थबकला आणि त्यानं टोपी काढली. टोपी काढून खाली मान घालून उभा. सगळं संपल्यावर हळूच मला विचारतो, रावसाहेब, ही कुठल्या देवाची प्रार्थना? आता काय सांगू? म्हटलं, साहेब, ती... ती माझी आहे. — सातव्या कलमापाशी ‘कार्बोलिकाम्लमिश्रित जल’ असे शब्द होते. घर धुवायचं औषधाचं पाणी, दुसरं काही नाही. पण तिथं पोचल्यावर सगळ्या बाया एकदम कपाळाला हात लावत होत्या. एका म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. आता खोटं कशाला बोलू, गुणवंते, साहेब शेजारी लाल होत चालला होता, आणि मला मात्र वाटत होतं की म्हातारी रडली! माझ्या गद्याला! एकवीस वर्षांत माझ्या लिहिण्यावर कुणी हसलंसुद्धा नव्हतं.

हां, औषधाचं पाणी एकानंही शिंपडलं नव्हतं, ती गोष्ट निराळी. त्याच कागदाखाली उघडा रांजण, त्यात पोरं हात घालताहेत. साहेब म्हणाला, यांना एक अक्षर समजलेलं नाही. आणि तुझा मामा काय म्हणतो? म्हणतो, साहेब, पोथी लावल्यापासून वाड्यात तीन आठवड्यांत एकाला ताप नाही! आजूबाजूच्या वस्तीत रोज दोन-दोन जात होती, आणि तुमच्या वाड्यात एक नाही. आता बोल! आरती संपली, बत्तासे वाटले, आणि सगळा वाडा वळकट्या घेऊन होड्यांकडं निघाला. म्हाताऱ्याकोताऱ्या, तान्ही पोरं, सगळी. मी साहेबाला म्हटलंसुद्धा, बघा, काय कष्टाळू जात आहे, आजीबाईसकट रात्रीच्या मासेमारीला निघाली!

— काय? मासेमारीला नव्हते जात? मग कुठं? ते राहू दे, विषय निघाला की तुम्ही लोक भलतीकडं नेता. माझा कागद ऐक.

हा बघ. दुसरा कागद. पंधरा दिवस खपून लिहिलाय. या वेळी सोपं केलंय, हो, साहेबाला वचन दिलंय मी. सोळाची अकराच कलमं ठेवलीत. ऐक. ‘कलम चौथे. सूर्यप्रकाशाच्या अप्रतिबंध प्रवेशार्थ निवासस्थानाची वातायने अहोरात्र उन्मुक्त ठेवावी.’ आहे की नाही सोपं? काय समजलं? — वातायन? वातायन म्हणजे खिडकी. — मग खिडकीच का नाही लिहिली? अगं, खिडकी कोणीही लिहील! खिडकी लिहायला सरकार मला पगार देतं का? ‘खिडक्या उघड्या ठेवा’ — हे काय वाक्य झालं? हे तर आमच्या घरात रोज ओरडतात. आमच्या घरातल्यांना ती एक खोडच आहे, सकाळी उठून माझ्या लिहिण्याच्या खोलीच्या खिडक्या सताड उघडायच्या. मी बंद करतो. कागद उडतात. हाच कागद दोनदा उडाला, हे चौथं कलम लिहीत असताना!

आता हा कागद बघ, हा दुसरा. जयवंताचा. साहेबानं आम्हा दोघांनाही लिहायला सांगितलंय, म्हणे ज्याचा समजेल त्याचा छापू. शर्यत! माझ्या नातवाच्या वयाच्या पोराबरोबर मी शर्यत लावायची. आणि लिहिलंय काय त्यानं? ऐक हां — ‘खिडक्या उघड्या ठेवा. रांजणावर झाकण ठेवा. उंदीर मेला, घर सोडा.’ संपलं! निम्मा कागद कोरा! मी त्याला म्हटलं, जयवंता, ही तार आहे की जाहीरनामा? तारेच्या शब्दामागं पैसे मोजावे लागतात, इथं सरकारी शाई आहे, लिही की चार शब्द मोकळ्या हातानं. तर हसतो. म्हणतो, भाऊसाहेब, माणूस घाईत असेल तर? — घाईत! आरोग्याचा कागद कोणी घाईत वाचतं का?

आणि गुणवंते, एक विचारू? राग नको मानूस. नाकाला पदर का लावला आहेस तू? मघापासून बघतोय. जन्म गेला तुझा पाटीखाली, तू वाडीच्या तोंडाशी आलीस की अख्ख्या वाडीला कळतं आज बोंबील आहेत की कोलंबी, आणि तू आमच्या अंगणात नाकाला पदर लावतेस? कोळणीनं! — वास? कसला वास? तुझ्या पाटीचाच असेल. — जिन्याखालून? हां, तो असेल. तो जिन्याखालचाच. कालपासून येतोय म्हणे, मला काही नाक नाही, तपकिरीनं गेलंय. आमच्या घरात सांगत होत्या खऱ्या की जिन्याखाली एक पडलाय आणि हात पोचत नाही. मी म्हटलं, कागद एकदाचा होऊ दे, मग बघू. तसे सोमवारपासून पडताहेतच. कोठीत दोन मिळाले, तांदळाच्या कणगीमागं. मग एक न्हाणीत. एक तर माझ्या लिहिण्याच्या बैठकीखाली, उताणा. आमच्या घरातून सारखं चाललंय, अहो ऐकलंत का, आज आणखी एक, अहो ऐकलंत का. मी म्हटलं, अगं, मी इथं अख्ख्या मुंबईचे जीव वाचवायला बसलोय आणि तू मला उंदीर मोजायला लावतेस? झाडूनं लोट बाहेर. मांजरानं मारले असतील.

तुला काही समजावून सांगायला गेलं की बायकांच्या तक्रारी मध्ये येतात बघ. काय सांगत होतो? कलमं. — समोरच्या अप्पांच्या दाराला कुलूप आहे, तेच बघतेस ना? गेले. परवा सकाळी बाडबिस्तरा बांधून माहीमला गेले, तिथं नारळीच्या बागेत झावळ्यांची झोपडी बांधलीय म्हणे. चांगलं दुमजली घर टाकून! का, तर आमच्या घरातून त्यांच्या घरात काहीतरी सांगितलं, आणि दुसऱ्या सकाळी बैलगाडी दारात. मलाही म्हणाले, कमलाकांतराव, चला, शेजारी जागा आहे. मी म्हटलं, अप्पा, माझ्या डोक्यावर अकरा कलमं आहेत, मला झोपडीत शिरायला वेळ कुठला! जाताना मांजरसुद्धा घेऊन गेले. तसं ते मांजर आमचं, पण पंधरा दिवस झाले, आमच्या घरात राहीचना, त्यांच्याच माडीवर असायचं.

आता घरात आम्ही दोघं आणि नात. लेकीचं बाळंतपण ठाण्याला आहे म्हणून धाकटीला इथं ठेवलंय. पाच वर्षांची. नाव मी ठेवलंय — मृणालिनी. काय सुंदर नाव! आणि सगळे नलू म्हणतात. नलू! मी एकटा मृणालिनी म्हणतो आणि ती ओ देत नाही. काल काय केलं माहीत आहे? एकाला शेपटीला धरून अंगणात आली, आणि मला म्हणते, आजोबा, हा उठत नाही. मी म्हटलं, मृणालिनी, टाक तो, आणि हात धू. तर आमच्या घरातल्यांनी धावत येऊन पोरीला असं काही खसाखसा धुतलं की पोर रडायला लागली. रात्री माझ्याशी बोलल्या नाहीत. केळव्याला जायचंय म्हणतात. त्यांच्या भावाची तिथं वाडी आहे. कुठल्याही दिवशी कुठल्याही कारणानं केळव्यालाच जायचं असतं त्यांना!

तू मागं मागं का सरकते आहेस? पाटी उचलू नकोस. अजून मुख्य कलम यायचंय. हे एक ऐक आणि मग जा. हे ज्याला समजलं त्याला सगळा कागद समजला, असं साहेब स्वतः म्हणालाय. साहेबाचं मूळ इंग्रजी म्हणजे काय, ओळभरच. अगदी कोरडं. मी म्हटलं, गोष्ट एवढी मोठी आणि कपडे एवढे तोकडे? मग बसलो. तीन रात्री नव्हे, तीन दिवस बसलो या एका कलमावर. सोमवार, मंगळवार, बुधवार. मध्ये मध्ये आमच्या घरातून हाका चालूच — अहो, पाचवा. अहो, सहावा. एकदा तर इतका वैतागलो, ‘निधन’ लिहू की ‘मृत्यू’ लिहू या विचारात होतो, तोंडाशी आलेला शब्द गेला. म्हटलं, आता बोलशील तर खबरदार! शेवटी ‘निधन’ लिहिलं. मूषक हे गणपतीचं वाहन, त्याला ‘मेला’ कसं म्हणायचं? ऐक आता, पदर काढ कानावरून —

‘कलम सातवे. गृहान्तर्गत मूषकवर्गाचे अकस्मात् व अकारण निधन दृष्टोत्पत्तीस आले असता, तद्गृहनिवासी जनांनी किंचितही कालापव्यय न करिता सकुटुंब स्थलांतर करणे हे सर्वथा श्रेयस्कर होय.’

काय? कसं वाटलं? ‘कालापव्यय’वर थोडं थांबायचं म्हणजे मजा येते. पुन्हा वाचू? नको? बरं, मग सांग. उद्या साहेब असाच खुर्चीत बसलेला असेल, मी बाजूला उभा. साहेब विचारील, बाई, यात काय करायला सांगितलंय? आणि तू सांगायचंस. मी एक अक्षर सुचवायचं नाही, तशी शपथच घातलीय त्यानं. तेव्हा हं, बोल. लाजू नको. चुकलीस तरी मी रागावणार नाही. — नाही समजलं? काहीच नाही? एकही शब्द? ‘सकुटुंब’ तरी? अगं असं काय करतेस, एकवीस वर्षांची अब्रू आहे माझी! थांब, सोपं करून सांगतो. मूषक म्हणजे उंदीर. निधन म्हणजे मरण. अकस्मात् म्हणजे एकदम, कुणी न मारता, आपोआप. स्थलांतर म्हणजे जागा सोडून जाणं. कालापव्यय न करता म्हणजे ताबडतोब, आत्ताच्या आत्ता. आता जोड बघू सगळं एकापुढं एक आणि सांग मला. तुझ्या शब्दांत सांग. हं?

— काय? मोठ्यानं बोल.

‘घरात उंदीर परले, तं घर सोरा’?

बरोबर! शाबास! म्हणजे शब्द अगदी जयवंतासारखे झाले, पण अर्थ बरोबर. बघ, समजतं की नाही माझं? जरा उकलून सांगितलं की समजतं. — काय? हे तुला आधीपासूनच ठाऊक होतं? कुठून? मामाच्या वाड्यात? पोथी लावली तेव्हा तिथं उंदीर पडले होते? आणि मग? — म्हणून रात्री होड्यांवर झोपायला जायचे? महिनाभर? दिवसासुद्धा घरात कोणी शिरत नव्हतं, फक्त दिवेलागणीला देवळीपुढं जमायचं आणि परत होडीवर?

म्हणजे ते मासेमारीला...

तरीच म्हाताऱ्या होत्या. तरीच तान्ही पोरं होती. आणि मी साहेबाला सांगतोय, काय कष्टाळू जात! — नाही, हसत नाहीये मी. तू बोल. बोल, गुणवंते, मी तुला बोलूच दिलं नाही मघापासून. काय म्हणतेस? — माझ्या घरात? माझ्या घरात काय?

परत म्हण.

सहा. हो, सहाच. मीच सांगितलं ना तुला. कोठीत दोन, न्हाणीत एक, बैठकीखाली एक, नलूनं आणलेला तो एक, आणि जिन्याखालचा. सहा झाले. पण ते तर मांजरानं — मांजर तर पंधरा दिवस इथं नाहीच. मग कुणी मारले? कुणी नाही मारले. अकस्मात्. अकारण. अगं, हे मीच लिहिलंय! माझ्या हातानं लिहिलंय, ज्या बैठकीवर बसून लिहिलं तिच्या खाली तो उताणा पडला होता आणि मी वर बसून ‘निधन’ शोधत होतो!

तुला खरं सांगू का? मी लिहिताना अर्थ बघतच नाही. अर्थ साहेबाचा, भाषा माझी. एकवीस वर्षं अशीच वाटणी चालत आलीय. गाठीचा ताप म्हणजे परळ, लालबाग, चाळी, तुमचा कोळीवाडा; तो कागदात असतो, लोकांकडं असतो. गिरगावात माझ्या जिन्याखाली असेल असं — आणि त्या बिचारीनं तीन दिवस मला सांगितलं. अहो, ऐकलंत का, म्हणून. याहून साधं कुणी काय सांगायचं? आणि मी म्हटलं खबरदार! म्हणून तू वर आली नाहीस. म्हणून पदर. तुला अंगणातूनच कळलं आणि मी तुला वातायन समजावतोय. मला भीती वाटतेय, गुणवंते. हसू नको हां.

नलू! ए नलू! ये बाहेर ये. अशी इकडं, आजोबांजवळ ये. कपाळ बघू. गार आहे. गार आहे ना? हात वर कर — काखेत दुखतं का? इथं? इथं? गुदगुल्या होताहेत? होऊ दे, बाळ, होऊ दे गुदगुल्या. गार आहे गं गुणवंते, अगदी गार आहे पोर.

अगं, ऐकलंस का! घरात! सोड ती चूल. असू दे डाळ जळत. काय म्हणतेस? — बांधलंय? कधी? सोमवारीच? सगळं? — माझं उपरणंसुद्धा? आणि केळव्याला तार? अप्पांबरोबर पाठवली? मग मला बोलली का नाहीस! ...हो. बोललीस. सहा वेळा बोललीस. माझंच चुकलं. — असं बघू नका दोघी माझ्याकडं, म्हणतोय ना चुकलं म्हणून. आज अप्पांच्या झोपडीत टेकू, उद्या केळवे. नलूला कडेवर घे, पाय जमिनीला लावू देऊ नको. कोठीतलं काही घ्यायचं नाही, तांदूळ नको, काही नको. — माझे कागद? खिडकी उघडीच आहे ना? असू दे. उडू देत.

गुणवंते, तू जा आता. पाटी उचल. पापलेटं काढली असशील ती परत ठेव, या घरात आता चूल पेटायची नाही. उद्या अकराला तेवढी कचेरीत जा, माझ्यासाठी. साहेब विचारील, काय समजलं? मला सांगितलंस तेच सांग, एक अक्षर जास्त नको. आणि तिथं तो जयवंत असेल, किडकिडीत, कानाला टाक लावलेला. त्याला म्हणावं, कमलाकांतरावांनी निरोप दिलाय, तुझाच कागद छापायला टाक. कोरी जागा तशीच राहू दे म्हणावं, काही भरू नको तिच्यात. का म्हणून विचारलं तर काही सांगू नको. — नाही, सांग. सांग की त्यांच्या घरी सहा पडले.

मग, उभी का अजून? वळकटी धरायला? नको! पायरी चढू नको तू, लांबच राहा, घरी तुझीही पोरं आहेत. मी धरतो, मला येते उचलता. जा म्हणतोय ना. याहून सोपं मराठी मला येत नाही, गुणवंते. जा.